अंगचोर

मागच्या वर्षी एका संस्थेने मला एक छोटी इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायला दिली. विषय असा, की चाळिशी-पन्नाशीतल्या, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या आयांनी रोज स्वतःसाठी काय करावं. पानं चोवीस, भाषा सोपी. पाणी किती प्यावं, झोप किती घ्यावी, फोन कधी बाजूला ठेवावा, 'नाही' कसं म्हणावं. आठवड्याभराचं काम असं मी धरून चालले होते आणि शीर्षकातच अडकले. तिथे 'सेल्फ-केअर' असा शब्द होता.

'स्वतःची काळजी' हा सरळ पर्याय होता. कागदावर लिहिला आणि आईचा आवाज ऐकू आला. साताऱ्याहून तिचा फोन येतो तेव्हा ती शेवटी म्हणते, "काळजी करू नकोस, काळजी घे." चिंता आणि जपणूक या दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द. नुसतं क्रियापद बदलतं. माझ्या वयाच्या बाईला काळजीचा तुटवडा नसतो. मुलाची दहावी, सासऱ्यांची साखर, आईचा गुडघा, मुदत उलटून गेलेलं भाषांतर. या यादीत आता आणखी एका व्यक्तीचं नाव घालायचं, आणि ती व्यक्ती आपणच? पुस्तिका वाचताना मला नेमकं तसंच वाटत होतं. अकरा कामं होती, बारावं काम मी झाले.

मग इतर शब्द चाचपून पाहिले. 'निगा' केसांची, झाडांची, गाडीची राखतात. 'जपणं' हा शब्द मायेचा, पण तो दुसऱ्याने म्हणायचा असतो. "जिवाला जप," असं आजी नातीला म्हणते तेव्हा त्यात ओलावा असतो. तीच नात सून झाली की "जिवाला जपून काम करते" हे वाक्य तक्रारीचं होतं. 'अंग राखून काम करणं' हीदेखील निंदाच. 'आपलं बघणं' म्हणजे इतरांचं न बघणं. 'आपलपोटी' ही तर शिवीच. आणि या सगळ्यांच्या टोकाला बसलेला शब्द म्हणजे 'अंगचोर'.

दिल्लीत पंचवीस वर्षं काढल्यामुळे मी कुठलाही मराठी शब्द नकळत हिंदीशेजारी ठेवून पाहते. हिंदीत 'कामचोर' म्हणतात. तिथे चोरीला जातं ते काम. बंगालीतला 'फांकीबाज' फसवणूक करतो. मराठीतली अंगचोर मात्र स्वतःचं अंग चोरते. मग ते अंग कोणाच्या मालकीचं होतं? स्वतःची वस्तू स्वतःच घेतली तर तिला कोणी चोरी म्हणत नाही. ज्या भाषेत थोडा दम खाणाऱ्या बाईला असा शब्द मिळतो, त्या भाषेने बाईच्या शरीराचा सातबारा आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर केलेला असतो.

हे सगळं मला फार पटलं होतं. स्वतःसाठी वेळ काढणं ही चोरी नाही, आपल्याच वस्तूवरचा हक्क आहे, असं मी अनुवादकाच्या टिपणात लिहून टाकणार होते. पण तेवढ्यात माझ्या घरात जे घडलं, त्यामुळे ते टिपण अर्ध्यावर राहिलं.

माझं वय सेहेचाळीस. रात्री तीनला घामाने जाग येते, मग झोप येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पाळी जायच्या वयात असं होतं. हाडांसाठी आणि झोपेसाठी रोज पाऊण तास चाला. पुस्तिकेतही पाचव्या पानावर हेच होतं. आम्ही नोएडाच्या एका सोसायटीत राहतो. मुलाची शाळेची बस सात वीसला येते, त्याआधी डबा, नाश्ता, सासऱ्यांचं इन्शुलिन. चालायचं असेल तर सहा ते पावणेसात हीच वेळ शक्य होती, आणि त्या वेळात स्वयंपाकघरात दुसरं कोणीतरी उभं असायला हवं होतं.

आमच्याकडे नऊ वर्षं कामाला येणाऱ्या दीदी मूळच्या मालदा जिल्ह्यातल्या. बरौला गावात एका खोलीत राहतात. त्या सातला यायच्या. मी त्यांना म्हटलं, सहाला येता येईल का? पाचशे रुपये वाढवून देईन. त्या म्हणाल्या, "आ जाऊँगी, भाभी." इतकं सोपं. मला वाटलं, 'नाही' कसं म्हणावं हे मी अजून शिकते आहे, पण 'हो' मिळवणं मला चांगलं जमतं.

तीन महिने मी चालले. सप्टेंबरात हवा छान होती. सोसायटीच्या बागेत माझ्यासारख्या पाच-सहा जणी भेटायच्या. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. घरी सगळे म्हणाले, बरी दिसतेस. मीही पुस्तिकेतल्या त्या आनंदी बाईसारखी दिसत असणार.

मग नोव्हेंबर आला. दिल्लीकरांना पुढचं सांगायला नको. सकाळी खिडकी उघडली की जळका वास, समोरची इमारत गायब, शाळा कधी चालू कधी बंद. डॉक्टरांनीच बाहेर चालू नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी गजर बंद करून पुन्हा झोपले. पावणेसातला पाण्यासाठी उठले तर स्वयंपाकघरात दीदी ओट्याशी उभ्या, फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरलेला, हात कणकेत. पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज येत होता. बंगाली मला थोडं समजतं. मुलगी विचारत होती, रिबन कुठे आहे, आणि वेणी सरळ येत नाहीये, आज पण बाई वर्गाबाहेर उभं करतील. दीदी हळू आवाजात तिला फोनवरून वेणी घालायला शिकवत होत्या. तीन पेड कसे धरायचे, कुठला कुठल्यावरून घ्यायचा.

सोसायटीच्या फाटकावर कामाच्या बायकांची नोंद होते आणि आपल्या फोनवर सूचना येते. मी त्या सूचना कधी उघडत नसे. त्या दिवशी उघडल्या. पाच बावन्न. पाच पंचावन्न. पाच पन्नास. तीन महिने, एकही दिवस चुकलेला नाही. बरौल्याहून अंधारात चालत यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्याआधी घरचं पाणी भरायचं. म्हणजे ती बाई चारला उठत होती. मी तीनला उठते म्हणून मला डॉक्टर, पुस्तिका आणि बाग मिळाली. तिच्या चारला उठण्याचं कारण मी होते. आणि हेही विसरून चालणार नाही, की त्या विषारी हवेतून मी चालू नये असं सगळ्यांना वाटत होतं, तिने मात्र चालतच यायचं होतं.

तिचं वय मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, चव्वेचाळीस. तीदेखील मध्यवयीन, व्यग्र आई होती. चोवीस पानांची पुस्तिका जिच्यासाठी लिहिली होती, ती बाई माझ्या ओट्याशी उभी होती.

तुलनात्मक साहित्यात एम.ए. करताना 'स्व'ची काळजी हा विषय आम्ही मोठ्या आदराने वाचला होता. मिशेल फूकोच्या लैंगिकतेच्या इतिहासाचा तिसरा खंड, १९८४ चा, याच नावाचा आहे. या कल्पनेचा माग घेणारे लोक प्लेटोच्या नावावर असलेल्या 'अल्किबियाडीस' या संवादापर्यंत जातात. अजून विशीही न गाठलेल्या, महत्त्वाकांक्षी अल्किबियाडीसला सॉक्रेटिस सांगतो, की नगराचा कारभार पाहण्याआधी स्वतःकडे लक्ष द्यायला शीक. त्याच संवादात ओझरता एक उल्लेख येतो. अल्किबियाडीसला वाढवायला पेरिक्लिसने झोपिरस नावाचा थ्रेसचा एक गुलाम नेमला होता, म्हातारपणामुळे इतर कामांना निरुपयोगी झालेला. सॉक्रेटिस हे अल्किबियाडीसच्या संगोपनातलं उणं म्हणून सांगतो. झोपिरसच्या 'स्व'चं काय, हा प्रश्न अडीच हजार वर्षांच्या या थोर चर्चेत क्वचितच निघतो. विद्यार्थिनी असताना मलाही तो सुचला नव्हता. फाटकावरच्या नोंदी वाचताना सुचला.

याच्या दुसऱ्या टोकाला ऑड्री लॉर्ड. कृष्णवर्णीय, समलिंगी, आणि कर्करोग यकृतात पसरलेला असताना १९८८ च्या 'अ बर्स्ट ऑफ लाइट'मध्ये स्वतःची काळजी घेण्याला तिने तग धरण्याचं, लढण्याचं नाव दिलं. आज तिचा तो विचार सुगंधी मेणबत्त्यांच्या जाहिरातीत सापडतो. पण तिने तो लिहिला तेव्हा तिच्या विश्रांतीची किंमत तिच्याहून दुबळं कोणी मोजत नव्हतं. शब्द तोच आहे. फरक पडतो तो वेळ कोणाकडून येतो याने.

वेळ कोणाकडून येतो हे आपल्या देशात मोजलं गेलंय. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद करावा, तर पुरुषांचीही नऊ वाचली. दरी २०२ मिनिटांची होती, ती पाच वर्षांत २०१ ची झाली. यातली मुलं-म्हाताऱ्यांची देखभाल वेगळी मोजली आहे, ती धरलेली नाही. दीदी माझ्या घरी करतात ते काम पगारी म्हणून मोजलं जातं. तेच काम बरौल्यात परत जाऊन करतात तेव्हा या २८९ मिनिटांत येतं.

इथे माझी एक मैत्रीण रागावली. तीही अनुवादक, दोन मुलींची आई. म्हणाली, "झालं? बाईने जरा स्वतःकडे पाहिलं की लगेच अपराधी वाटून घ्यायचं. तुझ्या नवऱ्याने जिमला जाताना कधी विचारलं का, हा तास कोणाचा म्हणून?" तिचं म्हणणं खरं आहे, आणि ते सोडून पुढे जाता येत नाही. अपराधीपण हेही बाईकडूनच वसूल होणारं घरकाम आहे. मी चालणं बंद करून दीदींना पुन्हा सातला बोलावलं असतं, तर माझं मन स्वच्छ झालं असतं, माझी हाडं ठिसूळ राहिली असती, आणि घरातल्या दोन पुरुषांच्या सकाळीत एका मिनिटाचाही फरक पडला नसता. म्हणजे चूक तासभर घेण्यात नव्हती. घरात ज्याच्यापाशी वेळ होता त्याला न मागता, जिच्यापाशी सर्वांत कमी होता तिच्याकडून मी तो घेतला. कारण तिच्याकडून घेणं सोपं होतं. नवऱ्याकडे मागितला असता तर वाद झाला असता. तिच्याकडे मागितला तर पाचशे रुपयांत काम झालं.

आई हे ऐकून काय म्हणेल असं वाटलं, म्हणून तिला फोन केला. ती म्हणाली, "आम्हाला कुठे होता वेळ! मी बसायचे ती तांदूळ निवडायला." हे मला आठवत होतं. दुपारी जेवणं आटोपली की ती आणि शेजारच्या काकू पडवीत सुपं घेऊन बसत. खडे निघत आणि गप्पाही निघत. हात कामात असल्यामुळे त्यांना अंगचोर म्हणायची कोणाची टाप नव्हती. जात्याचंही असंच होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकायलाही मिळतात. माहेर, सासर, भाऊ, मुलगी, सवत, विठ्ठल, आंबेडकर, सगळं त्यात आहे. पहाटेच्या दळणात बाईला स्वतःचा आवाज सापडत होता, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण पिठाची गिरणी आली तेव्हा जातं सोडायला बायका कचरल्या नाहीत. ओव्या सुंदर होत्या म्हणून कोणाला खांदे दुखवून घ्यायचे नव्हते. कामात लपवलेली विश्रांती ही नाइलाजाची कला होती. मला त्यातली एक गोष्ट मात्र घ्यावीशी वाटते. जात्याला बहुधा दोघी बसत. एकीचा हात थकला की दुसरीचा जोर. आमच्या बागेतल्या पाच-सहा जणी एकत्र चालत होत्या खऱ्या, पण आमच्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात त्या वेळी आणखी एक बाई उभी होती आणि तिच्या खुंट्याला दुसरा हात नव्हता.

महाराष्ट्राला विश्रांतीचा आणखी एक इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या झगड्यातून मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. त्या कामगारांना कोणी चोवीस पानांची पुस्तिका दिली नव्हती, की रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा. त्यांनी मालकाकडे दिवस मागितला. पुढे १९८० मध्ये पुण्यात घरकामगार बायकांनी संप केला. पगाराबरोबर हक्काची सुट्टी हीसुद्धा त्यांची मागणी होती. त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळावी असं लिहिलं आहे. भारताने तो करार अजून स्वीकृत केलेला नाही. पण माझ्या घरापुरता तो स्वीकारायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. नऊ वर्षांत मी तो स्वीकारला नव्हता. दीदींना सुट्टी होती, पण त्या मागतील तेव्हा. आणि मागताना त्या काहीतरी कारण द्यायच्या. ताप, लग्न, रेशनकार्ड. बिनकारणाची सुट्टी त्यांनी कधी मागितली नाही आणि मी कधी देऊ केली नाही.

डिसेंबरात आम्ही घरात बसून हिशेब मांडला. सोपं झालं नाही. नवरा म्हणाला, "तुला बाईची दया येते, माझी नाही." दयेचा प्रश्न नाही हे समजावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी असं ठरलं. दीदी सातलाच येतील, वाढवलेले पाचशे तसेच राहतील, आणि रविवारी येणार नाहीत. सकाळचा डबा नवरा आणि मुलगा करतील. इन्शुलिन सासरे स्वतः घ्यायला शिकतील. ते शिकले, आणि आपण शिकलो याचा त्यांना माझ्याहून जास्त आनंद झाला. मुलाचा डबा पहिले पंधरा दिवस ब्रेड-लोणी होता. आता पराठे असतात, एका बाजूने जास्त भाजलेले. रविवारी भांडी साठतात आणि त्यावरून आमचे आवाज चढतात. गेल्याच आठवड्यात, पाहुणे येणार म्हणून, "रविवारी एक तास येता का?" असा मेसेज मी दीदींसाठी लिहून झाला होता. पाठवला नाही. पण लिहिला होता.

मी आता पुन्हा चालते. आधीइतकं हलकं वाटत नाही, कारण ओट्यावर काय चाललं असेल याचा विचार मनात असतो. तोही कमी होईल. रविवारी काय करता, असं मी एकदा दीदींना विचारलं. मला वाटलं, मुलीची वेणी, बाजार, काहीतरी सांगतील. त्या जरा लाजून म्हणाल्या, "सोती हूँ, भाभी. बस, सोती हूँ."

पुस्तिकेच्या शीर्षकात मी शेवटी 'सवड' हा शब्द वापरला. संपादकांनी विचारलं, 'काळजी' का नको? मी म्हटलं, काळजी एकटीने घ्यायची असते. सवड काढावी लागते, आणि काढताना ती कुठून काढली हे विचारता येतं. त्यांना शब्द थोडा जुना वाटला, पण त्यांनी ठेवला. पाचव्या पानावर, रोज पाऊण तास चाला या सूचनेखाली, माझी एक ओळ घालू द्या अशी विनंती मी केली होती: त्या वेळात घरचं काम कोण करणार आहे, ते आधी ठरवा. अनुवादकाने मजकूर वाढवायचा नसतो, असं म्हणून त्यांनी ती ओळ काढली. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. म्हणून ती इथे लिहिते आहे.